किल्ली पदराला होती तोवर

घाबरू नका, मित्रांनो. गोठ्याशेजारच्या पत्र्याखालून आवाज येतो आहे, तो माझाच. मी जुनी जीप. रंग कधीचाच उडाला, एक दिवा तिरळा झाला, पण आठवण अजून शाबूत आहे. भ्यायचेच असेल तर ते माझ्याकडे असू द्या. अजूनही रस्त्याने खाकी कपडे जाताना दिसले की मला ती भिंत आठवते आणि पोटातले तेल गार होते.

माझा जन्म कारखान्यातला. ठिणग्या आणि ओल्या रंगाचा वास, एवढेच त्यातले आठवते. मला कळू लागले ते भाटघर धरणाजवळच्या एका ठेकेदाराकडे. तिथे मी सिमेंटची पोती वाहिली. तिथून सोनबांनी मला विकत घेतले आणि वेल्ह्याकडच्या आपल्या गावी आणले. त्यांच्या बायकोने, बनाबाईंनी, माझ्या चाकांवर पाणी घातले, नाकावर हळदकुंकू लावले आणि माझे नाव ठेवले ठकी.

नसरापूर ते वेल्हे अशी माझी फेरी असे. आंबेमोहोराची पोती, करवंदांच्या पाट्या, पाय बांधलेल्या कोंबड्या, माहेराला निघालेल्या लेकी, सगळे माझ्या अंगाखांद्यावर बसत. अडलेल्या बाईला दवाखान्यात नेताना सोनबा हळूच म्हणत, "ठके, दम धर." मी दम धरी. बाजारच्या बाया एकमेकींना सांगत, सोनबाची जीप आहे ना, मग पोचलोच समज.

सोनबा काही माळकरी नव्हते. जत्रेच्या जेवणाला तेही चार घोट घेत. पण आमच्या घरात एक रीत होती. पंगतीला बसण्याआधी बनाबाई हात पुढे करत. सोनबा मुकाट्याने किल्ली त्या हातावर ठेवत. बनाबाई ती पदराच्या टोकाला गाठ मारून बांधत आणि पदर कमरेला खोचत. मग पाहुणा कितीही अडून बसला, तरी ती गाठ दुसऱ्या दिवशीच सुटे. लोक थट्टा करत, "सोनबा, जीप तुझी का बायकूची?" सोनबा हसत आणि म्हणत, "जीप माझी. म्या बायकूचा."

पुढे बनाबाई गेल्या. सोनबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. लायसनची मुदत संपली, ती त्यांनी वाढवली नाही. त्यांचा मुलगा गोरख मला चालवू लागला. त्याचा हात चांगला होता. त्याने माझी जुनी गिअरपेटी काढून दुसरी बसवली, तेव्हा मला पुन्हा तरुण झाल्यासारखे वाटले. किल्ली आता गोरखच्या खिशात असे. त्याची बायको रत्ना एकदा एका लग्नात हात पुढे करून उभी राहिली. गोरख चारचौघांत म्हणाला, "तू काय माझी आई हायस का?" सगळे हसले. रत्नाने हात मागे घेतला. मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

या वर्षी किकवीला सोनबांच्या थोरल्या बहिणीकडे, अक्काबाईंकडे, जत्रेचे जेवण होते. बाप आणि लेक दोघेही प्यायले. दुपार कलली तेव्हा अक्काबाईंना चार दिवस माहेरी न्यायचे ठरले. गोरख माझ्या स्टिअरिंगमागे बसला. त्याचा पाय नेहमीसारखा पडत नव्हता. कधी मी हिसका खाई, कधी उगीच पळे. मला ओरडायचे होते. पण गाडीला हॉर्न असतो, तोही दुसऱ्याने दाबला तरच वाजतो.

अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली. वाट द्यायला गोरखने मला मागे घेतले, आणि फार मागे घेतले. माझे मागचे चाक कालव्याच्या चारीत गेले आणि मी कुशीवर कलंडले. अक्काबाईंचा पाय माझ्याच पत्र्याखाली सापडला. ती किंकाळी मी अजून विसरले नाही.

लोक धावले. त्यांनी मला सरळ केले, अक्काबाईंना बाहेर काढले. त्या गर्दीत सोनबांनी गोरखला खांद्याला धरून बाजूला लोटले आणि स्वतः माझ्या स्टिअरिंगमागे जाऊन बसले. पोलीस आले तेव्हा ते म्हणाले, "म्या चालवत हुतो."

दोघांच्या तोंडाला वास येत होता, म्हणून दवाखान्यात दोघांचेही रक्त काढले. मला ओढत ठाण्याच्या आवारात नेले आणि भिंतीला नाक लावून उभे केले. गुन्हा सोनबांवर लागला. दारू पिऊन गाडी चालवली, लायसन नसताना चालवली, माणूस जखमी केले. खरे काय ते तिघांना ठाऊक होते. अक्काबाई भाच्यापायी गप्प राहिल्या. चौथी मी, आणि मला कुणी विचारणार नव्हते.

त्या आवारात माझ्या शेजारी एक टेम्पो होता. त्याच्या सीटमधून गवत उगवले होते. पलीकडे मोटारसायकलींचा ढीग, गंजून एकमेकींना चिकटलेला. त्यांचे मालक कधीच आले नाहीत. मी त्यांच्याकडे बघे आणि विचार करी, सोनबा तुरुंगात गेले तर मला न्यायला कोण येईल? मग माझी मलाच लाज वाटे. म्हाताऱ्या माणसाला आत धाडणार होते, आणि मी माझ्या गंजाची काळजी करत होते.

सोनबा जामिनावर सुटले होते. गावातले मानसिंग त्यांना सांगत होते की दारूची केस म्हणजे नुसती दंडाची पावती, पहिल्याच तारखेला कबूल करायचे आणि घरी येऊन जेवायचे. सोनबांना ते पटले होते. पटले नाही ते रत्नाला. ती भोरच्या कोर्टात गेली, विचारत विचारत विधी सेवा समितीपर्यंत पोचली. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना तिथून सरकारी खर्चाने वकील मिळतो. समितीने सोनबांसाठी वनिताताईंना नेमले.

वनिताताई सगळ्यांना घेऊन मला बघायला आल्या. मानसिंगांचा सल्ला ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. सोनबांना त्यांनी समजावून सांगितले की कबूल केले की ती शिक्षा कायमची नावावर लागते. दंडच होईल असे नाही, कैदही होऊ शकते. त्यातून लायसन नाही आणि बाईचा पाय मोडलेला. तरी सोनबा म्हणाले, होऊ द्या.

वनिताताई माझ्याभोवती फिरल्या, मागचा चेपलेला पत्रा पाहिला. मग म्हणाल्या, "काका, गाडी मागं घेताना चाक चारीत गेलं म्हणता ना? बसा बरं आत. कशी मागं घेतली ते दाखवा."

सोनबा चढले. किती वर्षांनी ते माझ्या स्टिअरिंगमागे निवांत बसले होते! त्यांनी सवयीप्रमाणे टोपी नीट केली, हात स्टिअरिंगला लावून कपाळाला नेला. डावा पाय दाबला. आणि गिअरचा दांडा डावीकडे वर सारला. माझ्या जुन्या पेटीत मागे जायचा गिअर तिथेच पडत असे. पण ती पेटी तर केव्हाच भंगारात गेली होती. दांडा पहिल्या गिअरमध्ये पडला. मी मनात ओरडले, सोनबा, तिथे नाही.

तेवढ्यात खिडकीशी उभा असलेला गोरख बोलून गेला, "आबा, तितं न्हाई. उजवीकडं, खाली."

सोनबांचा हात दांड्यावर तसाच राहिला.

वनिताताई हळू आवाजात म्हणाल्या, "काका, कोर्टात हेच विचारलं तर कोण सांगणार तुम्हाला?"

"ताई," सोनबा म्हणाले, "मी वाळल्यालं झाड. तोडायचं तर मलाच तोडा की. हिरव्याला कशापायी हात लावता?"

"तुमच्या बाजूनं उभं राहणं हे माझं काम. पण खोटं मांडायला मी उभी राहणार नाही. आणि खोटं उघडं पडलं तर झाड एक नाही, दोन्ही जातील."

गोरख माझ्या बंपरवर बसला. सगळा भार त्याने माझ्यावर टाकला. मी पेलला, त्याच्या लहानपणी पेलत असे तसा. मग म्हणाला, "म्याच चालवत हुतो." आणि थोड्या वेळाने, "माझं लायसन जाईल का वो ताई?"

"बहुतेक जाईल, काही काळ तरी. दंड होईल, कैदही होऊ शकते. मी खोटी आशा दाखवत नाही. पण आत्ता खरं सांगितलंस, तर सांगण्यासारखी एक गोष्ट तुझ्या बाजूला राहील. आणि तुला वकील वेगळा मागू समितीकडं. आता बापाची आणि लेकाची बाजू एक राहिली नाही."

हे शेवटचे वाक्य ऐकून सोनबा रडले. बनाबाई गेल्या तेव्हाही मी त्यांना असे रडताना पाहिले नव्हते. गोरखने दार उघडले, हात धरून त्यांना खाली उतरवले, आणि मग तसाच चालत ठाण्याच्या पायऱ्या चढून गेला.

कोर्टाच्या हुकुमाने मला सोडले. रत्नाचा भाऊ पप्पू मला घरी घेऊन आला. गोरखचे लायसन तूर्त गेले आहे. तो दुसऱ्याच्या भातखाचरात मजुरीला जातो, आणि तारीख असली की एसटीने भोरला. खोटे सांगितले म्हणून सोनबांनाही उत्तर द्यायचे आहे. अक्काबाई काठी टेकत चालतात. निकाल अजून लागलेला नाही. तारखेच्या दिवशी घरात कुणी पोटभर जेवत नाही, आणि मीही पत्र्याखाली जीव मुठीत धरून उभी असते.

पण एक सांगायचे राहिले. मी अंगणात आले त्या दिवशी पप्पूने किल्ली गोरखला दिली. गोरखने ती खिशात घालायला नेली, आणि हात अर्ध्यात थांबला. समोर रत्ना उभी होती. तिने हात पुढे केला नव्हता. पुन्हा करणारही नव्हती. गोरख तिच्याजवळ गेला, तिच्या पदराचे टोक उचलले आणि किल्ली त्यात ठेवली. त्याला गाठ नीट मारता येईना. ती रत्नाने मारली.

मित्रांनो, मी लोखंडाची. चांगला हात लागला तर दवाखान्यात पोचवते, झिंगलेला हात लागला तरी तितक्याच मुकाट्याने चालते. मला नाही म्हणता येत नाही. म्हणून तुमच्या घरी पंगत बसेल, तेव्हा ताटे मांडण्याआधी एवढे करा. किल्ली मागा. लोक हसतील, हसू द्या. बनाबाईंना लोक जन्मभर हसले, आणि त्यांच्या हयातीत मी एकदाही कुणाच्या पायावर पडले नाही.