दोन अंगठे पाहिलेले भिंग

मी एक जुने, पितळी मुठीचे भिंग आहे. मला लंडनमध्ये हॅलवर्ड घराण्याने घडवून घेतले. मित्रांनो, त्या नामांकित घराण्याची स्वतःची बँक होती. सही झालेला कागद बँकेबाहेर जाऊ द्यायचा नाही, हा त्यांचा नेम. धाकट्या एडमंडला वाटणीत मी तेवढे आले.

पुढे घरची बँक बुडाली. एडमंड साहेब परक्या बँकेत नोकरीला लागले आणि मला घेऊन हिंदुस्थानात आले. कलकत्त्याला त्यांची बायको वारली. त्यानंतर बदली होईल तिथे ते मुकाट जात राहिले. १९५८ साली भिलाईला पत्र्याच्या शेडमधल्या शाखेत आलो, तेव्हा आम्ही दोघेही थकलेलो होतो.

तिथे पोलादाचा कारखाना उभा राहत होता. मजुरांची सही म्हणजे अंगठा. खात्याच्या कार्डावरचा जुना अंगठा आणि पैशांच्या पावतीवरचा नवा, दिवसभर मी ताडून पाहायचे. सिमेंटने झिजलेल्या रेषाही मला सापडत. साहेब कधी शाबासकी देत नसत, पण संध्याकाळी स्वतःच्या रुमालाने मला पुसत.

जवळच्या मरोदा गावची पंचफुला त्याच बांधकामावर घमेली उचलायची. तिचा नवरा कवडू तापाने गेला. तिने त्याचे खाते बंद केले नाही. दर पगाराला येऊन ती कार्डावरचा त्याचा अंगठा माझ्यातून पाहायची.

"बाई, ही बँक हाय. इथं दर्शनाले कावून येता?" कारकून दीनानाथने एकदा टोमणा मारला.

"रांगेतूनच तं येऊन राहिली नं, भाऊ. फोटो नाई त्याचा. एवढीच खूण हाय."

साहेबांनी तिला कधी अडवले नाही.

तीन वर्षांनी वरून हुकूम आला, की मयतांची खाती बंद करा, कार्डे जाळा. पंचफुलाने पावतीवर अंगठा उठवला. मग निरोप घ्यायला तोच अंगठा कवडूच्या अंगठ्यावर टेकवला. शाई ओली होती.

"मीच पुसलं त्याले," म्हणत ती खालीच बसली.

साहेबांनी मला उचलले. बराच वेळ पाहिले. मग मला तिच्या डोळ्यांपुढे धरून मोडक्या हिंदीत म्हणाले, "देखो. दोनों हैं."

होतेच. खाली त्याच्या रेषा, वर तिच्या.

दीनानाथ आगपेटी घेऊन उभा होता. साहेबांनी त्याला चहा सांगायला पाठवले आणि कार्ड तिच्या हाती दिले. घराण्याचा नेम त्या दिवशी मोडला. वर मलाही देऊन टाकले. महिन्याभरात ते नोकरी सोडून विलायतेला गेले. आता मला रोज पुसणारे कोणी नाही.

पंचफुलालाही जाऊन पुष्कळ वर्षे झाली. मी मरोद्यात तिच्या पत्र्याच्या पेटीत आहे. काचेवर चरे पडलेत. घरातली मुले मला उन्हात धरून कागद जाळतात. मित्रांनो, तेवढे करू नका. पेटीच्या तळाशी एक पिवळे कार्ड आहे. आधी माझी काच पुसा, मग माझ्यातून ते बघा.