न चावणारी चप्पल

सकाळी साडेसातला सोनूबाईंना उंबऱ्यावर रक्ताचे डाग दिसले. त्यांनी आधी मांजराला हाकललं. मग डागांमागं चालत गेल्या, तर ते सोफ्यावर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्यापाशी संपले.

"अवो, पायाला काय झालंय?"

"काय न्हाय," अण्णासो पेपरातूनच म्हणाले.

उजव्या अंगठ्याखाली बोराएवढी जखम होती.

अण्णासोंची साखर जुनी. चप्पल मात्र नवी, आठवड्याभरापूर्वी घेतलेली. नवी कोल्हापुरी चावते, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिला तेल पाजायचं, घरात घालून फिरायचं, लंगडायचं, मग ती पायाची होते. अण्णासोंना ती पहिल्या दिवसापासून चावली नाही. ते तशीच घालून रंकाळ्याला फेरी मारून आले आणि चहाच्या गाड्यावर त्यांनी जाहीर केलं, "तिनं पायच वळखला की!"

ते ऐकून त्यांचे मित्र बाळासो त्याच दुकानातून तसलाच जोड घेऊन आले. दुसऱ्या दिवशी लंगडत परतले.

"आण्णा, तुजी गरीब गाय मला कुत्र्यागत चावली."

"तुजा पाय नाजूक. ह्यो तालमीतला हाय."

त्या सकाळी सोनूबाईंनी तालमीतला पाय रिक्षात घातला आणि डॉक्टर पूर्णिमांकडं नेला. पूर्णिमांनी प्लॅस्टिकचा बारीक दोरा काढला.

"काका, डोळे मिटा. पायाला दोरा टेकला की सांगा."

अण्णासोंनी डोळे मिटले. बराच वेळ गेला.

"टेकवा की! वाट कशाची बघताय?"

"सगळीकडं टेकवून झालं, काका."

अण्णासोंनी डोळे उघडून पायाकडं पाहिलं.

"चप्पल चावत होती. तुम्हाला कळत नव्हतं. साखरेनं पायाच्या नसा बधिर झाल्यात."

"साखर हाय कुठं? परवाच्या रक्ताच्या तपासणीआधी दोन दिस नुसती कारल्याची भाजी खाल्ली."

"ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते."

अण्णासो हळू आवाजात म्हणाले, "म्हंजे गुऱ्हाळावरचा रस बी धरला?"

"काकवीसुद्धा," सोनूबाई म्हणाल्या.

इन्सुलिन सुरू झालं. साखर उतरली आणि जखम भरली, तर अंगठा राहील. नाहीतर काढावा लागेल, असं पूर्णिमांनी स्पष्ट सांगितलं. चप्पल कायमची बंद. ती बाळासोंनी मागितली, "माझ्या पायाला तरी कळतंय." सोनूबाईंनी अजून दिलेली नाही.

काल संध्याकाळी पट्टी बदलताना अण्णासो "आयाया!" म्हणून ओरडले. सोनूबाईंना इतका आनंद झाला, की कापूस टाकून त्यांनी फोन लावला.

"डॉक्टर, दुखलं! ह्यांना दुखलं!"

"नस जागी होत असेल तर दुखणं चांगलं, जखम चिघळत असेल तर वाईट. नक्की कुठं दुखलं?"

सोनूबाईंनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. अण्णासोंनी आधी पायाकडं पाहिलं, मग बायकोच्या खुललेल्या चेहऱ्याकडं.

"तितंच की," ते म्हणाले.

पूर्णिमांनी आज सकाळी पाय घेऊन बोलावलंय. रिक्षा दारात उभी आहे.