उज्वलाला न मिळालेल्या गोळ्या

मी एक जुना काउंटर आहे, मित्रांनो. सानपाड्यातल्या एका औषधाच्या दुकानातला. तुर्भ्याच्या सुताराने मला सागवानात घडवलं आणि वर जाड काच बसवली. मालक शहाजी मला रोज ओल्या फडक्याने पुसायचा. "काय चकाचक दुकान आहे!" असं लोक म्हणत, तेव्हा मला अभिमान वाटे. आता त्या स्तुतीची शिसारी येते.

सत्त्याण्णव सालच्या एका रविवारी उज्वला आली. तिचा नवरा जोतीराम वाशीच्या मार्केटात माथाडी कामगार. पहिल्या बाळंतपणात तिचं इतकं रक्त गेलं होतं, की ती जेमतेम वाचली. इतक्यात दुसरं मूल नको, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. साधन फसलं तर नेहमीच्याच गोळ्या जास्त प्रमाणात, तीन दिवसांच्या आत कशा घ्यायच्या, तेही समजावलं होतं.

माझ्यावर हात टेकून ती हळूच म्हणाली, "दादा, पाळणा लांबवायच्या गोळ्या द्या. काल निरोध फाटला."

"काय फाटलं?" शहाजीने मुद्दाम मोठ्याने विचारलं. गिऱ्हाइकं हसली.

तिच्याच बिल्डिंगमधल्या वेणूबाई मागे उभ्या होत्या. "अगं बाई, पोट पाडायला निघालीस?"

"पोट राहिलेलंच नाही, मावशी. राहू नये म्हणून घेतेय. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मला शिकवू नको," शहाजी खेकसला. "असले धंदे माझ्या दुकानात नाही चालणार. नवऱ्याला पाठव."

गोळ्या माझ्याच खणात होत्या, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. ती मान खाली घालून निघून गेली.

संध्याकाळी जोतीराम आला. वेणूबाईंनी त्याचे कान भरले होते: त्या गोळीने बाई कायमची वांझ होते. त्याने माझ्यावर मूठ आपटली, काचेला तडा गेला. "माझ्या बायकोला गोळ्या दिल्यास तर याद राख!"

"दिल्याच नाहीत, भाऊ," शहाजी हसला. "तिला जरा घरात सांभाळ."

काही महिन्यांनी उज्वला रक्तवाढीचं औषध घ्यायला आली. पोट दिसत होतं, चेहरा पांढराफटक.

"अभिनंदन, वहिनी! पेढे कधी?" शहाजी म्हणाला.

"तीन दिवस घरात कोंडलं मला," ती म्हणाली. "मी मेले तर पेढे तुमीच वाटा."

या वेळी कुणी हसलं नाही.

ती मेली नाही. बाळही वाचलं. पण रक्त थांबेना, म्हणून तिचं गर्भाशय काढावं लागलं. त्या आठवड्यात वेणूबाई माझ्यावर कोपर टेकून सगळ्यांना सांगत होत्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं? त्या गोळ्यांनीच झालं!" शहाजीने मान डोलावली. ज्या गोळ्या तिला मिळाल्याच नाहीत, मित्रांनो, त्यांच्यावर दोघांनी खापर फोडलं.

आता दुकानात नवा काउंटर आहे. मी मागच्या गल्लीत खोक्यांखाली दबलो आहे. मला कुणी पुसावं अशी माझी इच्छा नाही. पण उद्या तुम्ही औषधाच्या दुकानात उभे राहाल, काउंटरच्या अलीकडे किंवा पलीकडे, तेव्हा बाई काय मागते आहे ते नीट ऐका. तुम्हाला ठाऊक नसेल, तर डॉक्टरांना विचारा. आणि तोवर तोंड बंद ठेवा.