तळ्याखालची ताडपत्री

मी एक जुनी ताडपत्री आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका! शाळेमागचं जे तळं तुम्ही कौतुकाने बघता, ते माझ्याच कुशीत आहे. आणि खरं सांगायचं तर मी जन्माची भित्री आहे.

कारखान्यात माझी पहिली शिवण पडली, तेव्हापासून मला टोकदार गोष्टींची धास्ती. पुढे मी ट्रकवर गेले. पोती, कपाटं, लोखंडी सळया, सगळ्यांना मी पावसापासून झाकलं, पण सळईचं टोक दिसलं की माझा जीव मुठीत. म्हातारी झाल्यावर ट्रकवाल्याने मला आपल्या मुलीच्या शाळेला देऊन टाकलं. तिथे मी अडगळीच्या खोलीत पडून राहिले. खोटं कशाला बोलू, मी सुखात होते.

मग विज्ञानाच्या बाईंनी तळ्याचं मनावर घेतलं. मुलांनी खड्डा खणला, त्यातला खडा न्‌ खडा वेचला, वाळू पसरली आणि वर मला अंथरलं. मुख्याध्यापकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"पाणी टिकलं तर ठीक. नाहीतर सरळ बुजवून टाकायचं, बाई. मुलांना खेळायला जागा पुरत नाही."

पाणी टिकलं. चतुर आले, एका बेडकीने अंडी घातली आणि बघता बघता माझ्या अंगावर बेडूकमासे वळवळू लागले. नुसतं डोकं आणि शेपूट, पायांचा पत्ता नाही. पाणी आटलं तर ही पोरं पळणार कुठे? मला स्वतःपेक्षा त्यांचीच काळजी लागून राहिली.

वर्गाची मॉनिटर भारी कडक. मुलं तिला हवालदार म्हणत. एका दुपारी ती हौसेने पाटी घेऊन आली. पाटीवर सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'तळ्याची काळजी घ्या'.

"मधोमध लाव गं, सगळीकडून दिसेल," मैत्रीण म्हणाली.

हवालदार पाण्यात उतरली, पाटीची काठी रोवली आणि वरून दगडाने ठोकली. मी ओरडले, पण ताडपत्रीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? काठी आरपार गेली. दोघींनी टाळ्या वाजवल्या.

पाणी हळूहळू झिरपू लागलं. सगळे उन्हाला बोल लावत होते. बेडूकमासे तळाच्या उरल्यासुरल्या पाण्यात दाटीवाटीने तडफडू लागले. मुख्याध्यापकांनी फावडी मागवली.

कलंडलेली पाटी सरळ करायला हवालदार खाली वाकली. काठीच्या बुडाशी तिचा हात लागला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाई, काठी ताडपत्रीतून गेलीये. मीच ठोकली होती." ती रडत काठी उपटायला गेली.

"थांब! उपटलीस तर आहे तेही पाणी जाईल. आधी पिल्लं काढा!" बाई ओरडल्या.

बादल्या आल्या. मुख्याध्यापकांनीही फावडं टाकून एक बादली धरली. सगळी पिल्लं वाचली नाहीत, मित्रांनो. चिखलात रुतलेली काही पुन्हा हललीच नाहीत. त्यांचं वजन मला अजून जाणवतं.

मला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लागलं, तळं पुन्हा भरलं. माझी भीती काही गेलेली नाही. म्हणून हात जोडून सांगते, कुणाची काळजी घ्यायला जाल, तेव्हा आधी वाकून त्याला नीट बघा. प्रेमाने मारलेला घावही आरपार जातो.

परवा नखाएवढं एक बेडकाचं पिल्लू पाण्यातून निघालं आणि नव्या कोऱ्या पायांनी माझ्यावरून चढत काठाकडे गेलं. ते पाय इतके मऊ होते, की मी घाबरायचंच विसरले.