खरकट्याची चूल

राम घाटाकडे उतरणाऱ्या त्या गल्लीत विजयाच्या गोबरगॅसच्या टाकीला हसला नाही असा माणूस शोधूनही सापडला नसता. आणि हसणाऱ्यांत सगळ्यात पुढे कोण, तर तिचे सासरे अण्णा!

हिंदी मुलखातल्या त्या तीर्थक्षेत्री यात्रेकरूंना मराठी जेवण देणारी त्यांची खानावळ. चालवायची विजया, पण पंगतीवर नजर अण्णांची. पंचाहत्तरी ओलांडलेले अण्णा सोवळं नेसून रांगेतून फिरायचे आणि कुणी पानात घास टाकला की तिथल्या तिथे त्याची खरडपट्टी काढायचे. स्वतः जन्मात कधी शीत टाकलं नव्हतं. तरी यात्रेकरू ते यात्रेकरूच, रोज बादल्या भरून खरकटं निघायचं.

टीव्हीवर सारखं सांगत होते, पेट्रोलमध्ये आता उसा-मक्याचं इथेनॉल मिसळतात, शेणा-कचऱ्याच्या गॅसवर बस पळतात. विजयाच्या डोक्यात किडा वळवळला. अख्खा देश उसा-मक्यावर गाड्या हाकतोय, तर आपली भट्टी खरकट्यावर का पेटू नये? बाई मोठी हट्टाची. मागच्या अंगणात खड्डा खणून टाकी बसवून घेतली, शेणकाला ओतला आणि रोजचं खरकटं घालायला लागलीसुद्धा.

अण्णांनी कपाळाला हात लावला. उष्ट्याच्या आगीवर देवाचा नैवेद्य? शिव शिव! सून ऐकेना म्हटल्यावर त्यांनी मुदत घातली. दसऱ्यापर्यंत ज्योत दिसली तर ठीक, नाहीतर खड्डा बुजवायचा आणि पुन्हा विषय काढायचा नाही. विजया कबूल झाली.

श्रावण सरला, गणपती बसले, पण गॅसचा पत्ता नाही. शेजारचा प्रसादवाला ओंकार रोज सकाळी भिंतीवरून डोकावून विचारायचा, "भाभीजी, चाय बनी क्या?" विजया हसून वेळ मारून न्यायची. खरं सांगायचं तर तिचा धीर सुटत चालला होता. खड्डा बुजला असता तर तिचा शब्द त्या घरात पुन्हा कुणी ऐकला नसता.

एका सकाळी ती टाकीच्या तोंडाशी वाकली. यायला हवा होता आंबूस, कुजका वास. आला तो फिनेलचा! इस्पितळात सुद्धा इतका स्वच्छ वास येत नसेल. ती मान वर करते तो अण्णा नुकतं स्नान करून, ओल्या पंच्यात, बाटली घेऊन समोर उभे. उष्टं पडतं ती जागा रोज धुवायलाच हवी, म्हणून हे गृहस्थ नेमाने टाकीत फिनेल ओतत होते. त्यात खोडसाळपणा नव्हता हो. आयुष्यभर जे केलं तेच ते करत होते.

विजयाला हसावं की रडावं कळेना.

"अण्णा, टाकीतल्या जंतूंमुळेच गॅस होतो. तुम्ही रोज त्यांनाच मारताय."

अण्णांनी बाटली कोपऱ्यात ठेवून दिली. चुकलो म्हणायची त्यांना सवयच नव्हती. तडक आत गेले, सदरा-टोपी घातली आणि ऑटो करून गोशाळेतून ताज्या शेणाच्या पाट्या घेऊन आले. ऑटोवाल्याने वासापायी वाटभर कुरकुर केली, तर त्यालाच देशाच्या प्रगतीवर चार शब्द ऐकवले म्हणे! टाकी उपसली, धुतली, पुन्हा भरली. त्या दिवसापासून खरकट्याची बादली टाकीत रिकामी करायचं काम अण्णांनी दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी टाकीवरचा ड्रम गॅसने चांगला वर उचलला होता. विजयाने भट्टीला झेंडूची माळ घातली, नळ सोडला, काडी लावली. फस्स झालं आणि निळीशार ज्योत उभी राहिली! तिला आनंदाने रडूच फुटलं. मग डोळे पुसले आणि भिंतीशी जाऊन गल्लीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, "ओंकार भैया, आ जाओ, चाय बन गई!"

सगळी गल्ली चहा पिऊन गेली. त्याच आगीवर पुरणपोळ्या टम्म फुगल्या. पहिली पोळी अण्णांनी स्वतःच्या हाताने देवापुढे ठेवली आणि मग ते पंगतीत जेवायला बसले.

जेवून उठले तेव्हा त्यांच्या पानात अर्धी पोळी तशीच होती. वाढणारी विजया हातातलं भांडं ठेवून पुढे आली.

"अण्णा, बिघडली का पोळी?"

"छे गं, झकास झालीय," अण्णा म्हणाले आणि स्वतःच पान उचलून अंगणाकडे निघाले. "ही उद्याच्या चुलीला."