पाऊस गिळणारे महाराज

१९७९ चा ऑगस्ट. हुडकेश्वरच्या पलीकडच्या त्या गावात सकाळपासून पाऊस कोसळत होता आणि दोनशे माणसं आश्रमाच्या अंगणात भिजत उभी होती. चंपतराव नावाच्या शिष्याने अंगणातल्याच सरकारी पर्जन्यमापकातली बाटली काढून उंच धरली. कोरडी ठणठणीत!

"पाह्यलं काय गा? सारं पाणी मी पिऊन राहिलो," जलशोषी महाराज ढेकर देत म्हणाले. "नाल्याले पूर येत नाही. कोणी घर सोडू नका."

लोकांनी त्या चिखलात लोटांगणं घातली. पावसाची नोंद ठेवायला चंपतरावच नेमलेला. त्याने आमच्या नागपूरच्या पूरनियंत्रण कार्यालयात फोनवर शून्य कळवलं.

नाल्याच्या पाणलोटात पडलेल्या पावसाची सरासरी मी काढत असे. पर्जन्यमापक तीन. ज्याच्या वाट्याला जेवढं क्षेत्र, तेवढं त्याच्या आकड्याला वजन. निम्मं क्षेत्र आश्रमाच्या वाट्याचं, बाकी दोघांचं पाव-पाव. तिथे एकशे वीस आणि एकशे चार मिलिमीटर, आश्रमात शून्य. सरासरी छप्पन. पंच्याहत्तर ओलांडली तरच पुराचा इशारा द्यायचा.

तेवढ्यात त्याच गावच्या शिक्षिका पुष्पलताबाईंचा फोन आला. "शाळेच्या अंगणात मी उभट डबा ठेवला होता. फूटपट्टीने मोजलं, एकशे बारा भरलं. ते शून्य खोटं आहे!"

शून्याऐवजी ते धरलं तर सरासरीही एकशे बारा होत होती. मी साहेबांना सांगितलं. ते हसले, "सरकारी यंत्र सोडून तुपाचा डबा धरता?"

मी छप्पन लिहिलं.

दुपारी नाला वस्तीत शिरला. तिथल्या धोंडबाची बायको जिजाबाई शेळी सोडवायला घरात गेली, ती बाहेर आलीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी गावात गेलो. पुष्पलताबाईंनी सर्वांदेखत पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात तांब्याभर पाणी ओतलं. बाटली काढली. कोरडी. उलटी केली, तर तळाला बोट जाईल एवढं भोक. बाटली ज्यात बसते त्या पत्र्याच्या डब्याच्या तळालाही तसंच. पाणी सरळ जमिनीत मुरत होतं.

"महाराज पाणी इथून पितात," बाई म्हणाल्या.

चंपतरावने मान खाली घातली. महाराज गुरगुरले, "तुमची भक्तीच कमी पडली!" आणि खरंच, मागून कुणीतरी पुटपुटलं, "थोडं तरी पेलं असन गा त्यायनं."

धोंडबाने महाराजांकडे पाहिलंही नाही. तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. "साहेब, ते अडाणी लोकं लोटांगण घालत होते. तुमी तं शिकेल. भर पावसात शून्य, हे तुमी मानलंच काहून?"

तेव्हापासून मी एवढंच सांगतो: चमत्कार कुणीही दाखवो, बाबा दाखवो की सरकारी कागद, आधी बाटली उलटी करून पाहा. माणसं बुडण्याआधी पाहा.