उन्हाचा आकडा

ऑनलाइन कपडे विकणाऱ्या कंपनीच्या कोथरूडच्या ऑफिसात रुचिता नवीन लागली होती. हवामानामुळे धंद्याला कुठे किती धोका आहे, याचा तक्ता तिला भरायचा होता. गोदामातल्या उन्हाला तिने धोक्याचा पाचपैकी एक गुण दिला.

तिच्या विभागाचे प्रमुख असलेल्या आगाशे सरांनी विचारलं, "एक्केचाळीस डिग्रीला एकच?"

"आमच्या चंद्रपूरला सेहेचाळीस असतं, सर."

"आपलं गोदाम चंद्रपूरला नाही. बघून या."

वाघोलीच्या गोदामात पत्र्याखाली ती पाच मिनिटांत घामाघूम झाली. पाकिटं बांधणाऱ्या सुशीलाबाई अकोल्याच्या. त्या हसल्या. "हे काय ऊन हाये का पोरी?"

रुचिताला हायसं वाटलं. पण सुशीलाबाई पुढे म्हणाल्या, "फक्त दिवसभर पाणी पेत नाही आम्ही. संडास लांब हाये, जाऊन येईस्तोवर काम मागं पडते. परवा दोघी चक्कर येऊन पडल्या."

हा धोका उन्हाचा की संडासाचा, हे रुचिताला उमगेना. बराच वेळ घोटाळून तिने एकाचे चार केले आणि कारण लिहिलं, 'संडास लांब आहे.'

सरांनी ते दोनदा वाचलं. "हे हवामानात येतं?"

"माहीत नाही, सर."

त्यांनाही ठरवता येईना. त्यांनी तक्ता तसाच पुढे पाठवला.